बिघडले म्हणजे संपले नव्हे



आपल्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू किती आहेत, हे आपण कधी मोजले आहे काय? दहा बाय बाराच्या खोलीत राहणारे कुटुंब असले तरी टीव्ही, सेटटॉप बॉक्स, पंखा, मिक्सर, फ्रिज, तीन-चार मोबाईल आणि तेवढेच चार्जर एवढी यादी सहज होते. आपल्या वडिलांच्या पिढीत एक पिवळा बल्ब आणि सेलवर चालणारा रेडिओ असला म्हणजे घर सुधारलेले समजत. तो रेडिओ पंधरा-वीस वर्षे वाजत असे. आज घेतलेला मोबाईल दोन-तीन वर्षांत 'गेला' म्हणून पेटीत पडतो आणि त्याचे हप्ते कधी कधी त्याच्या मागेही चालू राहतात. कष्टाचा पैसा असा पेटीत जाऊन पडणे आपल्यासारख्यांना परवडणारे नाही. म्हणून या साध्या विषयावर अनुभवाच्या चार गोष्टी लिहीत आहे.

मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. आवक-जावक, साठ्याची नोंद, वर्षअखेरची पडताळणी हेच माझे रोजचे काम. २०१४ साली पिंपरीजवळच्या आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या वरच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू झाली, तेव्हा तिथल्या वस्तूंची जबाबदारी माझ्याकडे आली. कचेरीतील सवयीप्रमाणे मी डेडस्टॉक रजिस्टर घातले आणि त्यात एक जादा रकाना आखला: 'बिघाड व कारण'. पुढे वस्तीतील माणसेही आपल्या बंद पडलेल्या वस्तू घेऊन येऊ लागली. त्यांच्याही नोंदी त्याच वहीत होत गेल्या. या रकान्याने मला जे शिकवले ते कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाही. वस्तू म्हातारी होऊन मेली अशी नोंद वहीत फार थोडी आहे. बहुतेक वस्तूंना वाईट वीज, उष्णता, ओल आणि हेळसांड यांनी मारले आहे.

वीज येते, पण कशी येते?

जुलै २०१६ मधली गोष्ट. रात्री नऊचा सुमार, बाहेर पाऊस. आमच्या चाळीत एका ओळीतल्या घरांचे दिवे एकाएकी झगझगीत झाले आणि समोरच्या ओळीतले विझायला आल्यासारखे मंद झाले. पाठोपाठ फटफट आवाज आणि जळका वास. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर सतरा घरांतल्या वस्तू बंद पडल्या होत्या. बहुतेक टीव्ही, काही सेटटॉप बॉक्स. मीटरच्या खोलीत पाहिले तर न्यूट्रलच्या तारेचा जोड गंजून सुटला होता.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. घरात आपल्याला २३० व्होल्टची वीज मिळते. पण मीटरच्या खोलीत ती तीन फेजमध्ये येते आणि कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. न्यूट्रल तुटला की हा तोल जातो. ज्या फेजवर भार जास्त, तिथे व्होल्टेज उतरते आणि ज्या फेजवर भार कमी, तिथे ते चढत चढत ४०० च्या जवळही जाऊ शकते. म्हणजे शेजारच्या ओळीत दिवे मंद झाले त्याच क्षणी आपला टीव्ही जळत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाला दारात हजर. पन्नास-शंभर रुपयांना टीव्ही मागू लागला. दोन घरे द्यायला निघालीही होती. आमच्या वस्तीत एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात. ते खुर्ची टाकून समाजमंदिराच्या दारात बसले आणि म्हणाले, "कुणी काही विकू नका रे. आधी मला उघडून बघू द्या."

मास्तरांनी एकेक वस्तू उघडली. वीज आत शिरते त्या तोंडाशीच एक छोटी चपटी चकती फुटलेली आणि तिच्याजवळचा फ्यूज उडालेला. त्या चकतीला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर चढले की ती सारा प्रवाह स्वतःतून जाऊ देते, त्यामुळे फ्यूज उडतो आणि पुढचे सर्किट वाचते. पहारेकरी मेला, घर वाचले, असा हा प्रकार. सतरापैकी अकरा वस्तू दीडशे ते चारशे रुपयांत चालू झाल्या. चार वस्तूंना हजाराच्या वर खर्च आला. दोनच खऱ्या अर्थाने गेल्या. त्या सकाळी भंगारवाल्याचे ऐकले असते तर सतरा घरांना नवे हप्ते लागले असते.

नंतर आम्ही वर्गणी काढून मीटरच्या खोलीतले जोड नवे करून घेतले, अर्थिंग तपासून घेतले. इथे एक गैरसमज दूर करतो. घरात एमसीबी बसवला म्हणजे सगळे झाले असे पुष्कळांना वाटते. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतो. चढलेल्या व्होल्टेजपासून तो वाचवत नाही, त्यासाठी वेगळे उपकरण मिळते. माणसाला शॉक बसू नये म्हणून आणखी तिसरे उपकरण असते, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. ज्या घरात लहान मुले आहेत आणि ओल्या हाताने मिक्सर लावला जातो, तिथे सर्वांत आधी हे तिसरे बसवावे. आणि दिवे एकाएकी जादा उजळले किंवा एकाएकी मंद झाले तर 'बघू काय होतंय' म्हणत बसू नये. आधी मेन स्विच पाडावा.

विजेच्याच हिशेबातली आणखी एक बारीक गोष्ट. रिमोटने बंद केलेला सेटटॉप बॉक्स बंद नसतो. तो सुमारे १० वॅट वीज घेत असेल तर महिन्याला सात युनिट होतात. तो सहा तास वापरून उरलेले अठरा तास भिंतीवरच्या बटनाने बंद ठेवला तर पाचाहून अधिक युनिट वाचतात, आणि बॉक्सही थंड राहतो.

शोभेचे कापड आणि उन्हाळा

उष्णतेचा विषय आलाच आहे तर पुढचे सांगतो. आपल्या आयाबहिणी हौसेने टीव्हीवर आणि बॉक्सवर विणलेले रुमाल टाकतात. धूळ बसू नये हा हेतू चांगला, पण वस्तू चालू असताना तिच्या श्वासाच्या भोकांवर कापड टाकणे म्हणजे उन्हाळ्यात माणसाला घोंगडी पांघरण्यासारखे आहे.

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. त्यातल्या एका जातीत ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते हळूहळू सुकत जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. वस्तू उशिरा चालू होऊ लागली, चालू होऊन पुन्हा बंद पडू लागली, चित्र थरथरू लागले, की बहुधा हेच दुखणे असते. अभ्यासिकेतला एक मॉनिटर असाच पंधरा-पंधरा मिनिटे जागा होत नसे. मास्तरांनी आत डोके फुगलेले तीन कपॅसिटर दाखवले. चांगला कपॅसिटर वरून सपाट असतो, खराब झालेला टेकडीसारखा फुगतो. तिन्ही मिळून साठ रुपयांचे. तो मॉनिटर त्यानंतर सहा वर्षे चालला.

मात्र हे वाचून कुणी घरी टीव्ही उघडू नये, ही कळकळीची विनंती. आपली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर ३२५ व्होल्टच्या आसपास साठवली जाते आणि पिन काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ती काही वेळ टिकून असते. बंद वस्तूचा शॉक लागून माणूस फेकला जाऊ शकतो. शिकलेल्या हातानेच हे काम करावे.

एलईडी बल्बचेही तेच. पाकिटावर हजारो तासांचा वायदा असतो आणि आपला बल्ब वर्षात जातो. बल्बातले एलईडी बहुधा शाबूत असतात, त्यांना वीज पुरवणारे छोटे सर्किट उष्णतेने आधी मरते. काचेच्या बंद हंडीत किंवा चुलीच्या वर बसवलेला बल्ब लवकर जातो, तोच उघड्या होल्डरमध्ये टिकतो. आमच्या जिन्यातल्या बंद दिव्याच्या काचा काढून टाकल्यावर बल्ब बदलण्याच्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या.

बॅटरी म्हणजे मडके नव्हे

परीक्षेच्या दिवसांत वीज गेली की मुलांचा जीव कासावीस होतो. म्हणून अभ्यासिकेत इन्व्हर्टर घ्यायचे ठरले. दुकानदार म्हणाला, "दीडशेची बॅटरी घ्या, रात्रभर चालेल." मी कागद-पेन्सिल घेतली. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास म्हणजे १,८०० वॅट-तास. पण शिशाची बॅटरी दरवेळी तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. राहिले ९००. त्यातले थोडे इन्व्हर्टर स्वतः खातो. हातात साडेसातशेच्या आसपास. आमच्याकडे २० वॅटच्या आठ ट्यूब आणि ७५ वॅटचे चार पंखे. एकूण ४६० वॅट. म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन तास! मोठी बॅटरी घेण्याऐवजी आम्ही पंखे बदलले. ३० वॅटवर चालणारे नवे बीएलडीसी पंखे घेतले. भार २८० वर आला आणि तीच बॅटरी अडीच तासांवर पुरू लागली. शिवाय दर महिन्याचे बिल उतरले ते वेगळेच.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. आणि ती चार्ज होताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती कोंदट जागेत किंवा देव्हारा, शेगडी, दिवा यांच्या जवळ ठेवू नये.

मोबाईलच्या बॅटरीची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि ती माझ्या मनातून जात नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. शाळा मोबाईलवर आली. ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांची शाळा सुटली, असा सरळ अर्थ. आम्ही ओळखीपाळखीत फिरून पेटीत पडलेले जुने मोबाईल मागितले. एकतीस आले. मास्तरांनी बारा उभे केले. त्यातला एक घरकाम करणाऱ्या एका ताईच्या आठवीतून नववीत गेलेल्या मुलीला दिला.

चार महिन्यांनी मी सहज त्यांच्या घरी गेलो. मुलगी अभ्यास करत होती. मोबाईलच्या पाठीला दोन रबरबँड लावलेले आणि मागचे झाकण उचललेले.

"हे काय गं?" मी विचारले.

"झाकण निघतंय दादा, म्हणून आईने रबर लावलंय. रात्री उशीखाली ठेवून चार्ज करते, म्हणजे दबून राहतं."

मी तो मोबाईल तसाच बंद केला, लोखंडी थाळीत ठेवून बाहेर ओट्यावर नेला. ताई कामावरून आल्या तेव्हा त्यांना सांगितले. त्या घाबरून म्हणाल्या, "दादा, नवा घ्यायला पैसे नाहीत हो. दोन घरची कामं सुटलीत. अजून चालतोय ना तो?"

चालत होता, हे खरेच. आणि फुगलेल्या बॅटरीचा धोका त्यातच आहे, की ती चालत असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली, तापली किंवा वाईट चार्जरवर ठेवली की आत वायू साठतो आणि ती फुगते. तिला दाबले, टोचले, वाकवले तर आतले थर एकमेकांना भिडून ती पेट घेऊ शकते. उशीखाली उष्णता बाहेर पडायला जागा नसते आणि त्याच उशीवर मुलीचे डोके! सहाशे रुपयांत नवी बॅटरी बसवली. पैसे अभ्यासिकेच्या पेटीतून दिले. ती मुलगी त्याच मोबाईलवर नववी शिकली, २०२२ मध्ये दहावीची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. त्या दिवसापासून अभ्यासिकेच्या दारावर चार ओळी लावल्या आहेत: बॅटरी फुगली की वापर बंद. उशीखाली, गादीवर चार्जिंग नको. चार्जरवर बीआयएसची खूण बघून घ्या. फुगलेली बॅटरी केरात टाकू नका.

बॅटरी जास्त दिवस टिकावी असे वाटत असेल तर तिला उपाशीही ठेवू नये आणि तुडुंब भरूनही ठेवू नये. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. आणि उन्हात, गाडीच्या डिकीत, शेगडीजवळ मोबाईल ठेवणे हे तिच्या आयुष्यावर घाव घालण्यासारखे आहे.

जुने ते सगळेच सोने नव्हे

जुन्या वस्तूंचा पुनर्वापर करावा असे मी सांगतो, तेव्हा काही मित्र घरातला प्रत्येक डबा आणून देतात. जुने सगळेच ठेवण्यासारखे नसते, हेही वहीने शिकवले.

२०१८ साली एका कचेरीने मोडीत काढलेले सहा संगणक आम्हाला मिळाले. एकाची मेमरी दुसऱ्यात, दुसऱ्याचा पॉवर सप्लाय तिसऱ्यात, असे करून सहाचे चार चांगले झाले. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तर तीन-तीन मिनिटे चालू न होणारे संगणक अर्ध्या मिनिटात उघडू लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मदत संपली आणि आमचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. ते भंगारात न काढता आम्ही त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. तीत मराठी लिहिता-वाचता येते. अर्ज भरणे, पुस्तके वाचणे, व्याख्याने पाहणे ही मुलांची कामे अडली नाहीत.

पण त्याच वर्षी कुणीतरी डबा मॉनिटरसकट आणखी जुना संगणक आणून दिला. तो चालत होता. मी हिशेब केला. दीडशे वॅट, रोज सहा तास, महिन्याला सव्वीस दिवस: तेवीस युनिट. साध्या लॅपटॉपला त्याच कामाला सहा युनिट पुरतात. फुकट मिळालेली वस्तू दर महिन्याला बिलातून आपली किंमत वसूल करत होती. ती आम्ही नाकारली. जुना फ्रिज फुकट मिळाला तरी घेण्याआधी हाच हिशेब करावा.

मोबाईलला दुसरी कसोटी लावावी. ज्या मोबाईलला कंपनीकडून सुरक्षेची दुरुस्ती येणे थांबले आहे त्यावर पैशांचे व्यवहार करू नयेत. पण धडे वाचायला, व्याख्यान ऐकायला, गजर लावायला, आजीला रेडिओ ऐकायला तो उत्तम. आणि कुणालाही मोबाईल देताना किंवा विकताना आधी खात्यातून बाहेर पडावे, सगळा मजकूर पुसावा, सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. आपल्या लेकीबाळींचे फोटो त्यात असतात. फुटलेला मोबाईल शंभर रुपयांना विकताना हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

घसाऱ्याचा हिशेब

हिशेब शिकलेल्या माणसाला घसारा हा शब्द सुटत नाही. वस्तूची खरी किंमत दुकानात कळत नाही, ती किती वर्षे टिकली त्यावर कळते. नऊ हजारांचा मोबाईल दोन वर्षांत गेला तर वर्षाला साडेचार हजार पडले. चौदा हजारांचा घेतला, मध्ये बाराशेची बॅटरी घातली आणि तो पाच वर्षे वापरला, तर वर्षाला तीन हजार चाळीस पडले. महाग कोणता आणि स्वस्त कोणता?

दुरुस्तीलाही हेच माप. बाराशेच्या बॅटरीने दोन वर्षे वाढणार असतील तर वर्षाला सहाशे रुपये पडतात. नव्याचे वर्षाला साडेचार हजार. मग दुरुस्तीच करावी. पण पडदा आणि बोर्ड दोन्ही जाऊन खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, तर हट्ट धरू नये. 'बिनव्याजी' हप्त्यातही प्रक्रिया शुल्क किती, हे सही करण्याआधी विचारावे. पावती जपावी. सुटे भाग किती वर्षे मिळतील हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे संकेतस्थळही सुरू केले. मुलांना सांगून त्यावर आपल्या कंपनीची माहिती शोधावी.

शेवटी ते कुणाच्या हाती जाते?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जी वस्तू खरोखरच संपली, ती आपण दारातून बाहेर टाकतो. ती कुठे जाते?

आमच्या वस्तीच्या मागे नाल्याकाठी एक मावशी भंगार वेचून ते निवडायचे काम करतात. संध्याकाळी तिथून काळा धूर येई. एकदा मी जाऊन बसलो. त्या वायरी जाळत होत्या. मी म्हणालो, "मावशी, हा धूर वाईट आहे हो." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे भाऊ. छातीत भरतो, रात्री खोकला येतो. पण सोलत बसलं तर दिवस जातो. जाळलं की तांबं लगेच हाती येतं. पोटाला रोज लागतं ना."

वायरीवरचे प्लॅस्टिक जळते तेव्हा डायॉक्सिनसारखी विषे निघतात. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत आणि जुन्या बोर्डांच्या डागात शिसे असते. शिसे लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम करते. २०२२ या वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंद होऊन रीतसर पद्धतीने गोळा झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात दिले आहे. उरलेल्याचा मोठा भाग असाच कुणाच्या तरी उघड्या हातांत आणि छातीत जातो. आणि हे काम कुणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य आपल्याच दलित भगिनी. श्रीमंताच्या घरातला कचरा असो की आपल्या, शेवटी तो आपल्याच माणसाच्या हाताखालून जातो. म्हणून आपण वस्तू एक वर्ष जास्त वापरली तर पैसा वाचतोच, पण कुठेतरी एका मावशीच्या छातीतला धूरही तेवढा कमी होतो.

मावशींशी बोलून एक गोष्ट कळली. जळक्या तांब्याला सोललेल्या स्वच्छ तांब्यापेक्षा भाव कमी मिळतो. अभ्यासिकेतल्या मुलांनी त्यांना वायर सोलायचे एक साधे हातयंत्र आणून दिले. जाड वायर आता त्या सोलतात. बारीक वायरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, धूर पूर्ण थांबलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांमार्फत कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. बॅटऱ्यांसाठीही २०२२ चे वेगळे नियम आहेत. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी, त्याचे पैसे वजा होतात. समाजमंदिरात आम्ही झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात मोबाईलच्या जुन्या, न फुगलेल्या बॅटऱ्या टोकांना चिकटपट्टी लावून टाकतात. फुगलेली असली तर ती वेगळ्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवतो. वर्षातून एकदा सगळे नोंदणीकृत केंद्राकडे पाठवतो.

मास्तरांचे वय आता सत्तरीपुढे गेले आहे. हात थरथरतो, बारीक डाग देता येत नाही. पण वस्तीतला एक मुलगा त्यांच्याशेजारी बसून शिकत गेला, नंतर आयटीआयमधला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला. आज तो चौकात टेबल टाकून दुरुस्ती करतो आणि आपले घर चालवतो. ज्ञान हातात उतरले की भाकरी होते, हे त्याच्याकडे पाहून पटते.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतही असा एखादा मास्तर असेल. त्याचे हात थकण्याआधी दोन मुले-मुली त्याच्याजवळ बसवा. मुलींनाही बसवा, त्यांचे हात बारीक कामाला अधिक स्थिर असतात असे मास्तर सांगतात. महिन्यातला एक रविवार दुरुस्तीसाठी ठेवा. आणि घरात एक शंभर पानी वही घाला: वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, केव्हा बिघडली, का बिघडली. सही-शिक्क्याची गरज नाही. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे ती वही द्या, म्हणजे हिशेबही शिकेल आणि वस्तूची कदरही. पहिली नोंद कोणती करायची हा प्रश्न पडला, तर आज रात्री घरातले मोबाईल पालथे घालून त्यांची पाठ सपाट आहे की नाही, तेवढे पाहा.